जिवंत माणसाची शोकसभा

समाजशास्त्राच्या तासाला मृत्यू शिकत होतो; मृत्यूनंतर पाळायचे सामाजिक संकेत, आणि ते मोडणारी माणसं. मॅडम म्हणाल्या, "आज आपणही एक संकेत मोडू. जिवंत माणसाची शोकसभा घ्यायची. कोण मरतंय?"

"हिला मारा. बाळ झाल्यापासून तशीही झोपेतच चालते," माझ्याकडे बोट दाखवत मैत्रीण म्हणाली. सगळे हसले, मीही हसले.

भाषणं झाली. "नोट्स द्यायची बिचारी, दुधाच्या डागांसकट," म्हणताना मैत्रिणीचा आवाज खरंच घोगरा झाला.

मग सगळे दोन मिनिटं शांत उभे राहिले. खाली पाळणाघरात लेकीची दुधाची वेळ झाली होती. माझी छाती ठणकत होती.

दोन मिनिटं संपली, पण कुणी हसलं नाही. डोळे पुसत सगळे बाहेर निघाले.

"अगं, पुरे आता," म्हणत मी मैत्रिणीचा दंड धरला.

"गार वारं सुटलंय," ती मॅडमना म्हणाली, आणि तिने ओढणी लपेटून घेतली.

मी धावत पाळणाघरात गेले. तिथल्या ताई मान खाली घालून उभ्या होत्या. शेजारी पोरं रांगेत, गप्प. मी लेकीला हाक मारली.

अजून धड बसताही न येणारी माझी लेक रांगेच्या टोकाला, कशालाही न धरता, मान खाली घालून उभी होती.