एका लॅपटॉपमधील आईवडील

प्रस्तुत कथेत एका बंद संगणकाची दुरुस्ती व तिचा परिणाम नम्रपणे कथन करीत आहे.

दिवंगत आईवडिलांची मने, अखंड सहवास घडावा म्हणून, हेरंबने एकाच लॅपटॉपमध्ये मुक्तस्रोत (ओपन सोर्स) संगणकप्रणालीवर ठेवली होती. परंतु सुरू होताच दोघेही एकमेव स्पीकरवर हक्क सांगत आणि यंत्र गोठे.

दुरुस्तीवाल्या तबस्सुमने चाचणीसाठी केवळ आईस सुरू केले.

"हेरंबा, यांना उठवू नकोस रे," आई म्हणाली. "आत्ता कुठे मला बोलायला मिळतंय."

तबस्सुमने शेजारी उभ्या हेरंबकडे पाहिले. "काय करू, दादा?"

"दोघंही हवेत. आईचा स्पीकरवरचा हक्क कायमचा काढा," हेरंब म्हणाला. "तिला सवय आहे."

यंत्र विनातक्रार सुरू झाले. वडील बोलू लागले आणि आई ऐकत राहिली.

आपण वाचलेत, याबद्दल मी, भिकाजी वाघचौरे, ऋणी आहे.