तीनशे आकडी कुलूप

प्राध्यापक करमळकर सत्काराला उत्तर देताना मंचावरच्या पेटीकडे बोट दाखवत म्हणाले, "माझ्या आठवणी साठवलेल्या या पेटीला मीच शोधलेल्या तीनशे आकडी मूळ संख्येचं कुलूप आहे. हिला पूर्ण भाग जाणारा भाजक कुणी शोधला, तरच ते उघडेल!"

त्यांची जुनी विद्यार्थिनी वैदर्भी उठली. तिच्या दोन वह्या सरांच्या नावावर छापून आल्यावर, तिसरीत तिने ही संख्या मुद्दाम पेरली होती. ती मूळ नव्हती, पण मूळ संख्या ओळखण्याच्या झटपट चाचणीला चकवायची. सरांनी तेवढीच चाचणी घेतली आणि संख्या ढापली.

पेटीपाशी जाऊन वैदर्भीने तोंडपाठ केलेला दीडशे आकडी भाजक घातला. सभागृहाच्या पडद्यावर सरांची आठवण उमटली: तिचा ड्रॉवर उघडणारे त्यांचेच हात.

"बंद कर ते!" सर ओरडले.

"ही पहिली वही, सर," वैदर्भी खुर्चीत बसत म्हणाली. "अजून दोन आहेत."