घुसळणीला हात

दारात माणूस उभा राहिला तरी अ‍ॅबीने घुसळणीच्या पिंपातला दांडा थांबवला नाही. घुसळण मध्येच थांबली की लोणी रुसतं. कोंबड्या आत शिरू नयेत म्हणून दाराची खालची फळी लावलेली होती. फळीवरून अ‍ॅबीला त्याची टोपी आणि लांब कोट तेवढा दिसला.

"या घरातल्या सगळ्यांना देव राखो," तो म्हणाला.

"आणि तुलाही. ये आत."

पंचवीस-सव्वीसचा असेल. दाढी वाढलेली, बूट चिखलाने माखलेले, उजवा हात कोटाच्या खिशात. चुलीपाशी बसलेल्या सासूने जपमाळेचा मणी बोटात धरून ठेवला आणि त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. घरात या दोघीच आहेत असं कुणालाही वाटलं असतं. वर माळ्यावर, गवतात, अ‍ॅबीचा मुलगा कॉन झोपला होता. इंग्रजांशी लढणाऱ्या पोरांबरोबर तीन रात्री डोंगरात काढून पहाटे आला होता. बंदूक उशाशी.

अ‍ॅबी वाट पाहत राहिली. घुसळण चालू असलेल्या घरात जो पाऊल टाकतो त्याने आधी दांड्याला हात लावायचा, चार हिसके द्यायचे, मग काय ते बोलायचं. पाद्रीबाबासुद्धा लावतात. जो लावत नाही तो त्या घरचं लोणी घेऊन जातो. या डोंगरातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक.

तो माणूस दांड्याकडे बघत नुसता उभा राहिला.

"हात लाव की रे बाबा," सासू म्हणाली. "तास झाला, येईना झालंय. तुझ्या पायगुणाने आलं तर आलं."

"हात घाण आहेत माझे, आजी."

"पाणी आहे ना बादलीत."

त्याने बादलीकडे पाहिलं. हात मात्र खिशातून काढला नाही. खिसा जड दिसत होता. पिस्तूल, अ‍ॅबीच्या मनात आलं. तिने दांड्यावरची पकड घट्ट केली.

"मावशी," तो आवाज खाली आणून म्हणाला, "तुमच्या मुलाला उठवा. दुपारच्या आत इंग्रजांच्या लॉऱ्या इथे येतायत. त्याला दलदलीच्या वाटेने वर काढा. पुलाकडे नको."

अ‍ॅबीने ताकास तूर लागू दिली नाही. "माझा मुलगा हिवाळ्यातच अमेरिकेला गेला."

"मावशी, वेळ नाही हो."

"तर मग पत्र टाकूया नातवाला," सासू म्हणाली. "पाहुणा तुझी चौकशी करून गेला म्हणून."

"कुणी पाठवलं तुला?" अ‍ॅबीने विचारलं.

"पाठवणाऱ्याचं नाव सांगायचं नसतं."

"हे तर कुणीही म्हणेल."

बोली त्याची इथली डोंगरातली नव्हती, खाली कॉर्क शहरातली होती. आठवड्यापूर्वी वरच्या वस्तीवर असाच एकजण आला होता, माता मेरीच्या तसबिरी विकायला. त्याला त्यांनी पोटभर जेवू घातलं. दुसऱ्या दिवशी शिपायांनी ते घर पेटवलं आणि थोरल्या मुलाला परसातच गोळी घातली. आणि दलदलीच्या वाटेवर आडोसा म्हणून झुडूप नाही. ससा पळाला तरी डोंगरावरून दिसतो. तिकडेच काढा म्हणतोय हा.

"ताक तरी देता का घोटभर?" तो म्हणाला.

मागणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं. एका हाताने दांडा चालू ठेवून तिने दुसऱ्या हाताने कालच्या ताकाचा पेला पुढे केला. त्याने डाव्या हाताने घेतला. पेला त्याच्या दातांवर खडखडला, ताक हनुवटीवरून ओघळलं. खोटं बोलणाऱ्याचा हात कापतोच, तिला वाटलं.

पेला त्याने बाकावर ठेवला. माळ्याच्या शिडीकडे एकदा पाहिलं. अ‍ॅबी सरकून शिडीच्या आणि त्याच्या मध्ये आली.

"सांगायचं ते मी सांगितलं," तो म्हणाला. "आता तुम्ही आणि देव."

तो गेला. फळी उघडीच टाकून गेला.

"लोणी नेलं मेल्याने," सासू म्हणाली आणि उठली. "सोड तो दांडा, मी बघते. जा, कुठे जातोय ते बघ."

अ‍ॅबी दाराशी गेली. तो खाली उतरेल, पुलाकडे, जिथून इंग्रजांच्या बराकींचा रस्ता लागतो, अशी तिची खात्री होती. तो वर चढत होता. दलदलीच्या त्याच उघड्या वाटेने, एका अंगाला कलून, चार पावलं टाकून थांबत.

दोन कोंबड्या तिच्या पायांमधून आत शिरल्या आणि तो जिथे उभा होता तिथली फरशी टोचू लागल्या. त्यांना हाकलायला म्हणून ती वळली. फरशीवर, त्याच्या उजव्या बाजूला, बशीएवढं थारोळं होतं, काळपट. तिथून दारापर्यंत थेंब, एकामागे एक. उंबऱ्यावरच्या थेंबात तिचं स्वतःचं पाऊल उमटलं होतं.

पुलाच्या बाजूने इंजिनाची घरघर ऐकू आली. एका लॉरीची नव्हे. वर माळ्यावर कॉन झोपेत कुशीवर वळला. फळ्यांच्या फटीतून गवताची काडी खाली आली.

"अगं अ‍ॅबी," सासू पिंपात वाकून म्हणाली, "लोणी आलं."