बुटाच्या आतला हात

दुकानाच्या दारापासून बाबांच्या बैठकीपर्यंत फरशीवर तपकिरी ठिपके पडले होते. एका पावलाआड एक. लेकीला आधी वाटलं, बुटांच्या पॉलिशची डबी सांडली असेल. मग लक्षात आलं, ठिपके फक्त डाव्या पावलाचे होते.

"बाबा, तो पाय वर करा बघू."

बाबांनी उजवा उचलला. तिने मान हलवली, तेव्हा डावा उचलला.

ती जेवणाच्या सुट्टीत धावतपळत आली होती. पर्समध्ये बाबांच्या मधुमेहासाठी नवी बाटली होती, दालचिनी आणि मेथीच्या अर्काच्या कॅप्सूलची, तिसरी. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या आईची साखर त्याने उतरली होती म्हणे. ती बाटली तशीच पर्समध्ये राहिली. तिने बाबांना गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसवलं आणि स्वतः त्यांच्या जागी खाली बसली. बाबांना ते काही रुचेना. कुणी आलं तर म्हणेल, मालकच माप द्यायला बसलेत, असं म्हणून ते आपले आपणच हसले.

तिने नाडी सोडली. बूट निघाला, मोजा निघेना. चिकटला होता. तिने आपल्या बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं आणि कडेकडेने सोडवायला घेतला. थोडा सोडवला की ती बाबांच्या तोंडाकडे बघे. बाबा रस्त्याकडे बघत होते. समोरच्या शाळेतल्या बाई एकच सँडल पाचव्यांदा कशी घेऊन आल्या, ते रंगवून सांगत होते. त्यांचा श्वाससुद्धा अडखळला नाही.

अंगठ्याच्या खाली भोक होतं. कडा पांढऱ्या, मधे काळं. गोंदाच्या वासावर मात करून एक दुसराच वास वर आला.

"दुखत नाही, बाबा?"

"कुठे काय? दुखलं असतं तर सांगितलं नसतं का तुला?"

तिने औषधांचं विचारलं. बाबा जणू त्याचीच वाट बघत होते. फळीवर पॉलिशच्या डब्यांच्या रांगेत तिच्या दोन बाटल्या पुसून ठेवलेल्या होत्या. एक रिकामी होती, तरी टाकली नव्हती. एक दिवस चुकवला नाही, बाबा म्हणाले. जेवण चुकलं असेल, पण तुझी गोळी नाही.

"आणि डॉक्टरांच्या?"

बाबांनी खण उघडला. नाड्यांच्या गुंडाळ्यांखाली रबर लावून ठेवलेली पाकिटं होती. दोन महिन्यांची. एकही गोळी फोडलेली नव्हती.

बाबांना यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. ते समजावून सांगू लागले, लहानपणी तिला हातोडी कशी धरायची ते सांगत, त्याच आवाजात. "अगं, एका तळाला दोन गोंद कधी लावायचे नसतात. जुना खरवडून काढायचा, मग नवा. नाहीतर एकही धरत नाही. तू एवढं पगारातून आणलंस म्हटल्यावर मी डॉक्टरांचा खरवडला."

पहिली बाटली दिली त्या दिवशी ती काय बोलली होती, ते तिला शब्दन् शब्द आठवलं. बाबा, ही घ्या, साखर ताब्यात राहील. एवढंच. बाटलीवर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, चालू औषधं बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावं. ते तिने वाचलं होतं. विचारलं नव्हतं, आणि बाबांना सांगायचंही राहून गेलं होतं. बस आली होती, आणि आपण बाबांसाठी काहीतरी केलं या आनंदात ती पळत सुटली होती.

आता सांगावं म्हणून तिने तोंड उघडलं. बाबा किती खुशीत त्या दोन बाटल्यांकडे बघत होते. तिने तोंड मिटलं, फोन काढला आणि गाडी बोलावली. दवाखान्यात जायचंय, आत्ताच, एवढं सांगितलं.

संध्याकाळपर्यंत होतील ना, असं गिऱ्हाईक विचारतं, तसं बाबांनी विचारलं, "पाय ठेवतील ना गं?"

"बघू, बाबा."

ज्या बुटात काही राम उरलेला नसे, त्याच्या मालकाला बाबा हेच उत्तर देत. दोघांनाही ते एकदमच आठवलं असावं. कारण दोघांनीही मान वळवली.

गाडी यायला वेळ होता. बाबांनी उघडा पाय तिच्या ओढणीवर टेकवला होता आणि ते खाली पडलेल्या बुटाकडे बघत होते. गेल्या महिन्यात टाच मीच ठोकली, ते म्हणाले. आत हात घालून बघ जरा.

या दुकानातून कुठलाही बूट आत हात फिरवल्याशिवाय गेला नव्हता. डोळे फसतात, बोटं फसत नाहीत, असं बाबा म्हणत. ती लहान होती तेव्हा पोराटोरांच्या बुटांत बाबांचा पंजा जात नसे, मग हे काम तिच्याकडे असे. खिळ्याचं एवढंसं टोक लागलं तरी ती ओरडे, आणि बाबा तिला हेडमास्तर म्हणत.

"यात तुम्ही हात नव्हता घातला?"

"बूट घालणारा मीच ना. म्हटलं, टोचलं तर कळेलच की."

तिने बुटात हात सरकवला. टाच गुळगुळीत होती. ती पुढे गेली. अंगठ्याच्या जागेखाली तळातून वर आलेलं खिळ्याचं टोक होतं, बाहेरचं, कुठल्यातरी रस्त्यावरचं, कोण जाणे किती दिवसांचं. तिने झटकन हात मागे घेतला.

बाबांनी तिचं बोट पकडून डोळ्यांजवळ नेलं. रक्ताचा थेंब फुगत होता.

"लागलं?"

"लागलं, बाबा." तिला रडू फुटलं. "खूप लागलं."

"मग बरंय," बाबा म्हणाले, आणि सदऱ्याच्या टोकात तिचं बोट घट्ट दाबून बसले.