खिंडीतली देवघेव

कुशिमेने खिंडीतल्या मोठ्या खडकाच्या पायथ्याशी भाताचे दोन ढीग घातले. एक नेहमीचा, दगडासाठी. दुसरा नवऱ्यासाठी.

लोंब्या खुडायच्या सुऱ्या ज्या जांभळट दगडाच्या होतात, तो त्यांच्या नदीकाठी कुठेच सापडत नसे. तो द्यायचे खडकापलीकडचे लोक. त्यांना कुणी कधी पाहिलं नव्हतं. रीतच तशी होती. भात ठेवायचा, मागे न बघता ओढ्यापर्यंत उतरायचं आणि सावल्या लांबल्या की परत यायचं. सौदा पटला तर भात गेलेला असे आणि त्या जागी दगड असत. नाही पटला तर ढिगाला हातही लागलेला नसे.

गेल्या सुगीत तिच्या नवऱ्याला, आराहीला, नसती उठाठेव सुचली. हे लोक दिसतात तरी कसे, ते बघायला तो लपून बसला आणि परत आलाच नाही. त्यांनीच त्याला धरून ठेवलंय, याबद्दल कुशिमेला शंका नव्हती. वर्षभर तिने पोटाला चिमटा काढून भात साठवला. नवरा काय मापाने मिळतो, असा टोमणा सासूने मारला खरा, पण निघताना आपल्या मडक्यातलं बियाणंही तिनेच सुनेच्या टोपलीत ओतलं.

आज कुशिमे ओढ्याकडे उतरली नाही. खडकाला वळसा घालून ती कपारीत शिरली. भर दुपार असूनही खिंडीत एक पाखरू बोलत नव्हतं.

कपारीत आधीच एक म्हातारा दबा धरून बसला होता.

म्हणजे हेच ते लोक. आता भीतीपेक्षा तिला रागच जास्त आला. तिने त्याचं मनगट पकडलं.

"माझा नवरा कुठे ठेवलायत? भात आणलाय मी. हवा तेवढा घ्या, पण त्याला सोडा."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

"बाई, चेष्टा करू नका. माझी लेक तुमच्याकडे आहे. तिच्यासाठी मीही पलीकडे वेगळा ढीग घातलाय."

"आमच्याकडे कशी असेल? दगड देणारे तुम्ही."

"आम्ही शेतकरी माणसं, बाई," म्हातारा हळू आवाजात म्हणाला. "दगड तुमच्याकडून येतो. माझ्या आज्याच्या वेळेपासून."

कुशिमेच्या हातातून त्याचं मनगट सुटलं.

दोघं कपारीतून बाहेर आले. आधी तिच्या बाजूला गेले, मग त्याच्या. दोन्हीकडे दगडासाठी ठेवलेला भात नाहीसा झाला होता आणि त्या जागी नुकतेच फोडलेले जांभळट दगड नीट मांडून ठेवले होते. माणसांसाठी घातलेल्या ढिगांना मात्र कुणी हातही लावला नव्हता.