उसनं रक्त

रायभानचं नाव पुकारलं आणि उठून गेला गुरुसिद्धप्पा.

साखर कारखान्यात कामगारांची रक्ततपासणी चालली होती. रक्त काढणारी मुलगी परभणीहून आलेली. कोण रायभान आणि कोण अप्पा, तिला काय ठाऊक! रायभान उसाची क्रेन चालवायचा आणि संध्याकाळी नेमानं घ्यायचा. लिव्हर बिघडलेलं निघालं की क्रेन गेली, या धास्तीनं त्याची झोप उडाली होती. अप्पाच्या गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, दारूला आयुष्यात शिवलेला नाही. असं स्वच्छ रक्त अख्ख्या गंगाखेडात सापडलं नसतं.

"आन् तुजं घाण रक्त माज्या नावावर?" अप्पानं आधी कुरकुर केली होती.

"तुमी पिता म्हनलं तर कोन इस्वास ठिवंल, अप्पा?"

हे अप्पाला पटलं. दोस्तीखातर त्यानं दंड पुढे केला आणि परत येऊन चहात साखर ओतत बसला. तो साखरेच्या गोदामात कामाला. येता-जाता मूठभर तोंडात टाकायची सवय. सोमवारचा उपवास तर नुसत्या चहा-पेढ्यांवर निघायचा.

आठवड्यानं डॉक्टरांनी दोघांना एकदमच आत घेतलं. "गुरुसिद्धप्पा, तुमचं सगळं उत्तम." मग त्यांनी रायभानकडे चष्म्यावरून बघितलं. "तुमच्या रक्तात सूज दाखवणारा आकडा लय चढलाय. लिव्हर बिघडायला लागलंय, साखरही वाढलीय. दारू बंद, गोड बंद, दोन्हीनं लिव्हर सडतं. आणि सध्या क्रेनवर चढायचं नाही."

रायभान आधी मनातल्या मनात नाचला. म्हणजे आपलं लिव्हर ठणठणीत! मग त्याला उमगलं. बिघडलेलं लिव्हर अप्पाचं होतं.

"साहेब, ते रक्त माजं न्हाई, अप्पाचं हाय!"

डॉक्टर खळखळून हसले. "पिणारा प्रत्येक जण हेच सांगतो. निदान या देवमाणसाला तरी सोडा."

बाहेर टपरीवर अप्पानंही त्याला वेड्यात काढलं. "माजं कसं बिघडंल रं? मी काय पितो व्हय?" दोस्ताची क्रेन गेली म्हणून त्याला खरोखर वाईट वाटत होतं. त्या दुःखात त्यानं चहात साखर घातली आणि आणखी घ्यायला हात लांबवला.

रायभानला क्रेनचं काही वाटेना. त्याला फक्त हा माणूस हवा होता. त्यानं साखरेचा डबाच ओढून घेतला.

"अप्पा, डॉक्टरनं माजं गोड बंद केलंय," तो म्हणाला. "आजपासून तुमी खायचं न्हाई."