पाणी कमी घाल

घरातले झिजलेले साबणाचे तुकडे सासूबाई एका डब्यात साठवायच्या आणि डबा भरला की सुनेला कामाला लावायच्या. तुकडे किसायचे, पाणी घालून मंद आचेवर घोटायचे आणि ताटात ओतून कपड्यांच्या साबणाच्या वड्या पाडायच्या. वेळेला तोटा नव्हता, कारण नवरा कामावर जाताना दाराला बाहेरून कुलूप घालून जायचा. सासरेही तसंच करायचे म्हणे. "या घराची रीतच आहे ती," एवढं सांगून सासूबाई पुन्हा पातेल्यात डोकावायच्या. "पाणी कमी घाल गं. किती वेळा सांगायचं?"

कपडेच तर धुवायचेत, सून मनातल्या मनात करवादायची.

आज सकाळी नवरा आंघोळीला गेला तशी तिनं त्याच्या शर्टाच्या खिशातली किल्ली काढली, कालच्या ताज्या वडीत दाबली आणि पुसून परत ठेवली. ती वडी खिडकीतून घेऊन शेजारीण तशीच किल्ली करून आणणार होती. पण नवरा गेल्यावर पाहिलं, तर ठसा पसरून नुसता खळगा उरला होता.

पाठीमागून सासूबाईंनी हात पुढे केला, वडी घेतली आणि चष्मा लावून निरखली.

 

"तरी मी कधीची कानीकपाळी ओरडतेय, पाणी कमी घाल म्हणून," त्या हळूच म्हणाल्या. "माझाही ठसा असाच पसरला होता."